निरोपातील अणुव्रत

अंबाडीहून भिवंडीच्या गोदामांत व पेढ्यांत कामास जाणाऱ्या तरुणाने अधिक पगाराची नोकरी स्वीकारावी. त्यात दोष नाही. मात्र ठरलेली मुदत न पाळता निघाल्यास त्याचा भार सहकाऱ्यांवर पडतो; आणि पेढीची ग्राहकयादी गुपचूप सोबत नेणे तर अचौर्य अणुव्रतालाच बाध आणते. मतभेद असल्यास ते मालकासमोर मांडावेत, नाक्यावर नव्हे. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले, ते कारण लोकसभेत स्पष्ट सांगून. तरीही त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. निघताना हिशेब व किल्ल्या सोपवाव्यात, हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणावे. क्षमापनेसाठी संवत्सरीची वाट कशाला पाहावी?