चॅरिटी सायकल राइडला जाताय? आधी हे वाचा, मग फी भरा



थंडी सुरू झाली की ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आमच्या ग्रुपने चॅरिटी सायकल राइडला नाव दिलंय. पन्नास किलोमीटर आहे. जाऊ ना?" विचारणाऱ्याचं वय बहुतेक वेळा पंचेचाळीसच्या पुढे असतं, पोट पट्ट्याच्या बाहेर असतं आणि सायकल मित्राकडून मागून आणलेली असते.

पूर्वी मी हसून "जा की, मजा करा" म्हणायचो. आता म्हणत नाही. का, ते आज सांगतो. लेख थोडा कडू आहे, पण औषध म्हणून घ्या.

सातिवलीची ती पहाट

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार शाळासोबती अशाच एका राइडला गेलो होतो. सातिवलीहून निघायचं, महामार्गाने शिरसाड फाट्यापर्यंत, तिथून वळून मांडवी, उसगाव करत वज्रेश्वरी आणि त्याच रस्त्याने परत. ज्या गरीब मुलांना हृदयाची शस्त्रक्रिया लागते त्यांच्यासाठी निधी आणि लोकांमध्ये हृदयरोगाची जागृती, असा दुहेरी हेतू. फी 999 रुपये. त्यात टी-शर्ट, मेडल आणि नाश्ता.

पहाटे साडेपाचला पोहोचलो तर स्टेज होतं, डीजे होता, फोटोग्राफर होते, डोक्यावर ड्रोन घोंघावत होता. मी सवयीने ॲम्ब्युलन्स शोधत होतो. ती दिसली नाही. एका स्वयंसेवकाला विचारलं. तो म्हणाला, "सर, फर्स्ट एड बॉक्स आहे ना." बॉक्स उघडून पाहिला. बँडेज, आयोडीन आणि सांधेदुखीचा स्प्रे.

तेवढ्यात सकाळच्या पाळीची माणसं यायला लागली. सातिवली, वालीव, गोखिवरे हा सगळा पट्टा कारखान्यांचा. गाळ्यांमध्ये कामाला जाणारे कितीतरी जण आजही सायकलने जातात. साधी काळी सायकल, हँडलला डबा, ना पुढे दिवा ना मागे. आमची मिरवणूक जायची होती म्हणून शिट्टी वाजवून त्यांना थांबवलं गेलं. "ओ काका, बाजूला व्हा, राइड जातेय!" काका उतरले, सायकल गटाराच्या कडेला घेतली आणि आम्ही दोनेकशे जण त्यांच्यासमोरून सायकलचा प्रचार करत निघून गेलो. मीही त्यात होतो. तेव्हा मला काहीच वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

आता आमच्या मित्राबद्दल. त्याच्या परवानगीनेच लिहितोय. वय 52, दुकानदार, बीपीची गोळी चालू, सिगारेट सोडून दोन वर्षं झालेली, वडिलांना साठीच्या आत अटॅक आलेला. वर्षभरात सायकलला हात लावलेला नाही. वज्रेश्वरीच्या अलीकडे एका चढावर तो मागे पडला. वळून पाहिलं तर एक हात जबड्यावर, कपाळावर घाम.

"काय रे, काय होतंय?"

"काही नाही, गॅस झालाय. रात्री पावभाजी जरा जास्त झाली."

दुसरा मित्र म्हणाला, "पुढे मेडिकलमधून इनो घेऊ." आणि हा म्हणतो, "थोडंच राहिलंय. वज्रेश्वरीला फोटो काढतो, मग बघू."

मी त्याला तिथेच खाली बसवलं. रस्त्यावरच्या एका गाडीवाल्याने देवासारखं थांबून आम्हाला रुग्णालयात पोहोचवलं. ईसीजी काढला, तो हार्ट अटॅकच होता. त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली. आज तो बरा आहे, रोज चालतो. पण त्या चढावर त्याच्यासोबत डॉक्टर मित्र नसता तर? हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो.

दुसऱ्या दिवशी राइडच्या ग्रुपवर मेसेज आला: "राइड यशस्वी. एकही अपघात नाही."

शरीरात नेमकं काय होतं?

सातिवलीतल्या कुठल्याही फिटरला विचारा. वर्षभर बंद असलेलं मशीन पहिल्याच दिवशी फुल लोडवर चालवाल का? तो म्हणेल, "वेडे आहात का साहेब?" आपल्या हृदयाबाबत मात्र हा वेडेपणा आपण फी भरून करतो.

चाळिशीनंतर आपल्यापैकी अनेकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये चरबीचे थर साचलेले असतात. त्यांचा त्रास होत नाही म्हणून ते कळत नाहीत. अचानक जोराचा व्यायाम केला की ॲड्रिनालिन वाढतं, बीपी आणि ठोके चढतात आणि असा एखादा थर फाटू शकतो. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते, वाहिनी बंद होते. हाच हार्ट अटॅक.

अमेरिकेत 1993 साली एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्ट अटॅक आलेल्या 1,228 रुग्णांना विचारलं गेलं की त्याआधीच्या तासाभरात तुम्ही काय करत होता. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांमध्ये जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात अटॅकचा धोका सुमारे अडीच पट वाढलेला दिसला. आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांमध्ये तो वाढला 107 पट. घाबरू नका. एका तासाचा मूळ धोका फारच छोटा असतो, म्हणून पट मोठी दिसते. पण अर्थ सरळ आहे. श्रम तेच, फरक सवयीचा. म्हणून हृदयाच्या नावाने राइड भरवायची आणि ज्यांना सवय नाही अशांना थेट पन्नास किलोमीटरला उतरवायचं, हा प्रकार मला मान्य नाही.

मग सायकल वाईट का?

अजिबात नाही. सायकल हे मला माहीत असलेलं सर्वांत स्वस्त औषध आहे. फक्त डोस रोजचा हवा. ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. सायकलने कामाला जाणाऱ्यांमध्ये, गाडी किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका सुमारे 41 टक्क्यांनी कमी आढळला. अशा अभ्यासातून सगळं श्रेय सायकलचंच आहे असं सिद्ध होत नाही, पण दिशा स्पष्ट दिसते. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. ती वर्षातल्या एका रविवारी उरकायची नसतात.

आता सांगा, त्या पहाटे सातिवलीत रोजचा डोस कोण घेत होतं? मेडल आम्हाला मिळालं आणि गटाराच्या कडेला ते काका उभे राहिले.

आणि त्यांचं नशीब बघा. व्यायामाने जे कमावलं ते एखादा कंटेनर एका क्षणात हिरावून घेऊ शकतो. महामार्गालगत अंधारात बिनदिव्याची सायकल मागच्या ड्रायव्हरला शेवटच्या क्षणीच दिसते. मागचा लाल दिवा काही शे रुपयांत येतो, परावर्तक पट्टी त्याहून स्वस्त. चांगल्या बसणाऱ्या हेल्मेटने डोक्याच्या गंभीर इजा निम्म्याहून कमी होतात, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलं आहे. हे सगळं आमच्याकडे होतं. ज्यांना रोज लागतं त्यांच्याकडे नव्हतं.

पैसे गेले कुठे?

राइडनंतर मी आयोजकांना विनंती केली, माझ्या 999 रुपयांपैकी मुलांच्या शस्त्रक्रियेसाठी किती गेले ते कळवा. उत्तर आलेलं नाही. चोरी झाली असं मी म्हणत नाही. टी-शर्ट, मेडल, मंडप, डीजे, ड्रोन यांतच बहुतेक संपले असतील. म्हणजे आम्ही दान केलंच नाही, रविवारची सहल विकत घेतली.

चॅरिटी राइड चांगली होऊ शकत नाही का? होते. अमेरिकेत 'पॅन-मास चॅलेंज' 1980 साली 36 सायकलस्वारांनी सुरू झाली. आजवर कर्करोग संशोधनासाठी तिने शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी केली आहे. सायकलस्वार जो निधी गोळा करतात तो पूर्ण दाना-फार्बर या संस्थेला जातो, आयोजनाचा खर्च वेगळा भागवला जातो.

आपल्याकडची परंपराही कमी नाही. 1985 साली बाबा आमटे यांच्या 'भारत जोडो'त शंभरहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलने निघाले होते. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही सुमारे 4,800 किलोमीटरची स्पर्धा जोडीने पूर्ण केली, तीही आदिवासींच्या नेत्रसेवेचा हेतू घेऊन. त्यामागे किती तयारी होती विचारा. मागून आणलेल्या सायकलवर ते गेले नव्हते.

"डॉक्टर, लोक घराबाहेर तरी पडतात ना!"

हा मुद्दा मला नेहमी ऐकवला जातो आणि तो खोटा नाही. एखाद्या राइडमुळे सायकलची गोडी लागलेले रुग्ण मीही पाहिलेत. मित्रांबरोबर केलेला व्यायाम टिकतो, हेही खरं. म्हणून राइड बंद करा असं मी म्हणत नाही. पण "चांगल्या कामासाठी आहे" एवढं म्हटलं की सुरक्षिततेचे आणि हिशेबाचे प्रश्न विचारायचे नाहीत, ही सवय मोडली पाहिजे. उलट, चांगल्या कामाला जास्त प्रश्न विचारा.

नाव देण्याआधी आयोजकांना हे तीन प्रश्न विचारा

1. रस्त्यावर ॲम्ब्युलन्स आणि सीपीआर येणारी माणसं आहेत का?
2. माझ्या फीमधले किती रुपये मूळ कामाला जाणार? हिशेब कधी देणार?
3. ज्या रस्त्यावरून जाणार, तिथल्या रोजच्या सायकलवाल्यांसाठी काय करणार?

तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर फी थेट एखाद्या धर्मादाय रुग्णालयाला द्या आणि मित्रांसोबत स्वतःची छोटी राइड काढा.

आणि स्वतःसाठी हे लक्षात ठेवा

- किमान आठ आठवडे आधी सुरुवात करा. आठवड्यातून चार-पाच दिवस, पाच किलोमीटरपासून. चालवताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा.
- बीपी, मधुमेह, धूम्रपान, घरात कमी वयात हृदयरोग, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. साधा ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. गरज वाटली तर डॉक्टर स्ट्रेस टेस्ट सांगतील.
- इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर वाटेत साखर घसरू शकते. खिशात ग्लुकोज ठेवा. डोस स्वतःच्या मनाने बदलू नका.
- "अंग दुखू नये म्हणून" आधीच पेनकिलर घेऊ नका. घाम आणि पेनकिलर मिळून किडनीवर ताण येतो.
- पाणी तहानेप्रमाणे प्या. लांब राइडमध्ये नुसतं पाणी ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. ताक, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत चांगलं. बीपी किंवा हृदयाच्या रुग्णांनी मिठाबद्दल डॉक्टरांना विचारावं.
- छातीत दाब, जबडा, खांदा किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप: यांपैकी काहीही झालं की लगेच थांबा, बसा, 108 ला फोन करा. गॅस आहे का, ते ईसीजी ठरवेल.
- कुणी कोसळला, हाक मारूनही उत्तर नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर 108 ला कळवा आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाब द्यायला लागा. मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत.

या हिवाळ्यात आम्ही चौघे पुन्हा सायकली काढणार आहोत. आमचा मित्रही येणार, त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिलेल्या अंतरापुरता. डीजे नाही, टी-शर्ट नाही. फीचे म्हणून जे पैसे गेले असते त्यांचे मागचे दिवे आणि परावर्तक पट्ट्या घेतल्यात. सकाळच्या पाळीच्या वेळी सातिवलीत उभं राहून त्या लावून देणार. शिट्टी वाजवून ज्यांना बाजूला केलं होतं, त्यांच्यापैकी कुणी भेटले तर माफीही मागायची आहे.

तुमच्या गावातही पहाटे अशी माणसं सायकलवर निघत असतील. पुढच्या राइडला नाव देण्याआधी एकदा त्यांच्याकडे बघा.

*(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या प्रकृतीसाठी काय योग्य, हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.)*