बिबट्याच्या मुलखातील शालेय अधिवास

कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पूर्व भागात ऊस आणला आणि उसाने बिबट्याला वर्षातील बहुतेक काळ टिकणारा आडोसा दिला. मादी फडातच पिले घालते आणि तोडणीच्या हंगामात सापडलेली पिले आईपर्यंत पोहोचवणे हे जुन्नर वनविभागाचे नेहमीचे काम झाले आहे. अशा मुलखातील शाळेच्या आवारात अधिवास, म्हणजे जिवांना अन्न, पाणी, निवारा आणि प्रजननाची जागा एकत्र मिळेल असा परिसर, उभारण्यासाठी चाकण-रांजणगावच्या कंपन्यांचे कर्मचारी श्रमदानास येणार असतील, तर मियावाकी पद्धतीचा मोह त्यांनी टाळलाच पाहिजे. चौरस मीटरला तीन-चार रोपे लावण्याची ही पद्धत शहरातील मोकळ्या भूखंडावर शोभेल. परंतु काही वर्षांत त्या दाटीत नजर शिरत नाही आणि जेथे पहिलीतली मुले एकटीदुकटी नळावर किंवा स्वच्छतागृहाकडे जातात, तेथे असा आडोसा हौसेने निर्माण करणे अक्षम्य आहे.

वन्यजीवांना दाटीच हवी असते असेही नाही. फुलपाखराची मादी ठरावीक वनस्पतीवरच अंडी घालते, कारण अळीला तिचाच पाला चालतो. या वनस्पतीला खाद्यवनस्पती म्हणतात. लिंबाच्या एका झाडावर महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेले निलवंत वाढू शकते आणि पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसणारी त्याची लहान अळी कात टाकत टाकत हिरवीगार कशी होते, हे मुलांना वर्गाबाहेर चार पावलांवर पाहता येते, मात्र कीड समजून कोणी त्या झाडावर फवारणी करता कामा नये. कुंपणालगत रुई, अंतराअंतरावर खालच्या फांद्या छाटलेले बहावा आणि करंज, मधे आखूड गवत आणि दर दोन-तीन दिवसांनी घासून भरलेले उथळ पाणवठे एवढ्यानेही आवार जिवंत होते. पोषण आहाराचे खरकटे झाकणबंद खड्ड्यात जाणे तितकेच महत्त्वाचे, कारण खरकट्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. आराखडा वनपरिक्षेत्र कार्यालयाला आणि तीन चतुर्थांश पालक असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीला दाखवल्याशिवाय कुदळ मारू नये.

पश्चिमेकडे भीमाशंकर अभयारण्यालगतच्या शाळांना बहुधा रोपांची गरजच नाही. चराई थांबवली तर हिरडा-जांभूळ आपणहून रुजतात.

खरी अडचण मे महिन्यात येते. जुलैत लावलेली रोपे सुटीत पाण्यावाचून जळतात आणि कर्मचाऱ्यांच्या श्रमांचे पैशांत मूल्य काढून ते कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालील सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात धरता येत नसल्याने, एका दिवसाच्या श्रमदानामागे निधी उभा राहिलेला नसतो. याच कायद्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांत मात्र ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालवण्याची तरतूद आहे. तिचा आधार घेऊन गावातील बचत गटाला पाणी, छाटणी आणि राखणीचा मोबदला आधीच मंजूर करावा आणि मगच श्रमदानाची तारीख ठरवावी.