पेटी उघडण्यापूर्वी

बीड शहरातील एका जुन्या संस्थेने, जिचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, आपल्या दप्तराच्या स्कॅन केलेल्या प्रती ठेवण्याकरिता चार डिस्कांचे एक साठवणयंत्र खरेदी केले, आणि ते येऊन पोहोचले त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी मला फोन आला, “सर, पेटी आलीय, फक्त जोडून द्यायचीय.” या ‘फक्त’ शब्दाने माझी जेवढी संध्याकाळ खाल्ली तेवढी कोणत्याही नादुरुस्त यंत्राने खाल्लेली नाही, म्हणून आजचा स्तंभ त्याच शब्दाच्या हवाली करतो.

दप्तराची ही निकड का उत्पन्न झाली, हे मराठवाड्यातील वाचकांस विस्ताराने सांगावयास नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, तेव्हाचे महसुली कागद बहुतांशी उर्दूत, त्याहून जुने मोडीत; आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यावर, वर्षानुवर्षे कोणी न सोडलेल्या रुमालांच्या गाठी एकाएकी सुटू लागल्या. सरकारी दप्तरांचे स्कॅनिंग सुरू झालेले पाहून खाजगी संस्थांनाही आपापल्या कपाटांची आठवण झाली. हे इष्टच झाले. परंतु खरेदीच्या मंजुरीत यंत्राचे कलम असते, पूर्वतयारीचे नसते, आणि जे मंजुरीत नाही ते काम नव्हेच अशी आपल्या कार्यालयांची दृढ समजूत आहे.

प्रथम हिशेब. साध्या ए-फोर आकाराचे एक पान इंचाला ३०० ठिपके या मानाने रंगीत आणि न आकसता साठविले, तर सुमारे २६ मेगाबाइट जागा घेते. म्हणजे एक लाख पानांना सुमारे २.६ टेराबाइट. चार-चार टेराबाइटच्या चार डिस्का घेतल्या म्हणजे सोळा टेराबाइट झाले, असे चिटणीसांनी बैठकीत सांगितले होते. ते तसे नाही. एक डिस्क निकामी झाली तरी मजकूर शाबूत राहावा अशी रचना केली तर बारा उरतात, दोन निकामी होऊनही राहावा असे म्हटले तर आठ. अमेरिकेतील बर्कली येथील तिघा संशोधकांनी १९८८ साली ‘रेड’ या नावाने ही विद्या शास्त्रशुद्ध मांडली, तिचे मर्म एवढेच की, स्वस्त डिस्का मरणारच हे गृहीत धरून बेत करावा. मात्र ही रचना म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हे मी गळा सुकेपर्यंत सांगत असतो; कारण कारकुनाने चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते, आणि आगीला व चोराला त्या पेटीत डिस्का किती हे विचारण्याचे कारण पडत नाही. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या तालुक्यात असली पाहिजे.

मग वीज. ज्या जिल्ह्यात परळीचे औष्णिक वीजकेंद्र आहे आणि २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावे लागले, त्या जिल्ह्याने वीज गृहीत धरू नये. वायरमनने फळीवरील प्लगमध्ये मीटर घालून पाहिला आणि म्हणाला, “साहेब, अर्थिंग नावालाच आहे.” अंगणात खड्डा घेऊन कोळसा, मीठ आणि पत्रा घालावयाचे ठरले, यूपीएस त्यानंतर. ठेवण्याची जागा म्हणून दाखविलेले कपाट पश्चिमेच्या भिंतीला, वैशाखात तव्यासारखे तापणारे. ते मी नामंजूर केले.

जोडणीचे प्रकरण अधिक मनोरंजक. भिंतीवरचा जुना स्विच सेकंदाला शंभर मेगाबिटचा. त्यातून एक टेराबाइट मजकूर चढवावयास जवळजवळ पूर्ण अहोरात्र लागावे, तेच हजाराच्या स्विचमधून अडीच तासांत व्हावे. बीडकरांस हे समजाविण्यास दूर जावे लागत नाही. सोळाव्या शतकात सलाबतखानाच्या अमदानीत बांधलेल्या आपल्या खजाना विहिरीत दोन भुयारांनी पाणी येते आणि तिसऱ्याने शेतांकडे जाते. विहीर कितीही खोल खणली असती, पण भुयाराचा उतार आधी बेतला नसता, तर खजाना जागच्या जागी राहिला असता. साठवणयंत्राचेही तसेच, शिवाय त्याला एक कायमचा पत्ता नेमून द्यावा लागतो, नाहीतर राउटर आज एक देतो, उद्या दुसरा, आणि सकाळी संगणकांना दप्तर सापडत नाही.

या सर्वांहून बिकट प्रश्न नावांचा, आणि तो कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसतो. आजचे अंबाजोगाई निजामी कागदांत मोमिनाबाद आहे. कोणी आंबेजोगाई लिहितो. खुद्द बीड जुन्या इंग्रजी छापील साहित्यात भीर आहे. सन कुठे फसली, कुठे हिजरी, कुठे शक, कुठे इसवी. यंत्राला यातले ऐक्य कळत नाही. त्याच्या लेखी ही पाच गावे आणि चार काळ. नाव कोणते, सन कोणता, आधी तालुका की आधी वर्ष, हे पहिले पान चढविण्यापूर्वी मुक्रर झाले नाही, तर लाख पानांनंतर ते दुरुस्त करणे म्हणजे लाख पाने पुन्हा उघडणे. जुना दफ्तरदार रुमालाला चिठ्ठी बांधल्याखेरीज तो फळीवर ठेवीत नसे. त्याची ही शिस्त आपण टाकून दिली, हा दोष विजेचा नाही आणि परदेशी यंत्राचा तर नाहीच.

हे ऐकून संस्थेच्या वयोवृद्ध लेखनिकांनी, जे उर्दू वाचतात आणि ज्यांना संगणकाचा मनापासून तिटकारा आहे, शंभर पानी वही मागवून घेतली आणि पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिले : ‘मोमिनाबाद — अंबाजोगाई पाहा.’ पेटी अद्याप बंद आहे. कारखान्याने घातलेला पासवर्ड बदलल्यावर नवा पासवर्ड अध्यक्षांकडे राहावा की चिटणीसांकडे, या मुद्द्यावर बैठक तहकूब झाली असून पुढील तारीख ठरावयाची आहे.

— दफ्तरदार