बाईच्या चरबीला अभय कोणी दिलं?

'बाईमाणूस अंगानं भरलेलंच बरं' हे आजीचं वाक्य आता नव्या पोशाखात परतलं आहे. आरोग्यविषयक सदरांत आणि व्याख्यानांत त्याला 'इस्ट्रोजेनचं कवच' म्हणतात. युक्तिवाद असा : लठ्ठपणात खरा घात करतो तो नुसता मेद नव्हे, तर मेदात धुमसणारा दाह, हा दाह पुरुषांत जास्त आणि स्त्रियांत कमी, कारण स्त्रियांकडे इस्ट्रोजेन आहे, तेव्हा पाळी चालू आहे तोवर बाईनं पोटाच्या घेराची फार चिंता करू नये. यातलं पहिलं विधान भक्कम आहे, दुसरं अर्धं खरं, तिसरं अपुरं. शेवटचा निष्कर्ष मात्र सरळ चुकीचा आहे, आणि लोकांच्या लक्षात राहतो तो नेमका तोच.

पहिल्याबद्दल वाद नको. १९९३ साली होतामिस्लिगिल, शारगिल आणि स्पीगलमन यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या मेदात टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारं प्रथिन तयार होतं आणि इन्सुलिनला दाद न देण्याशी त्याचा संबंध आहे. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी सांगितलं की लठ्ठपणात मेदऊतीत मॅक्रोफेज या भक्षक पेशींची गर्दी होते. २००५ साली चिंती आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या मेदपेशीभोवती या पेशींचं पडलेलं कडंच दाखवलं. चरबी म्हणजे निव्वळ साठ्याचं कोठार ही जुनी समजूत तिथे संपली.

पूर्वपक्षाचं उरलेलं म्हणणंही हवेतलं नाही, हे आधीच मान्य करतो. मार्सेयच्या जाँ वाग यांनी १९४७ मध्येच पुरुषी आणि स्त्रैण लठ्ठपणा वेगळे काढले होते : पोटावर साठणारा मेद मधुमेहाकडे आणि हृदयविकाराकडे नेतो, मांड्या-नितंबांवरचा तितका नाही. २०१३ मध्ये डेबोरा क्लेग यांच्या गटानं उंदरांच्या मेदपेशींतला इस्ट्रोजेनचा अल्फा ग्राही काढून टाकला, तेव्हा मेद वाढला, दाह वाढला, ऊतीत तंतू माजले. २०१५ साली मिशिगन विद्यापीठातल्या कनकदुर्गा सिंगर यांच्या गटाला आढळलं की तेलकट खाद्यावर नर आणि मादी दोघांच्या मेदपेशी सारख्याच फुगल्या, तरी दाह पेटवणारे मॅक्रोफेज नरांत कितीतरी जास्त जमले. इस्ट्रोजेन काहीच करत नाही असं या सगळ्यानंतर कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही.

पण याच २०१५ च्या प्रयोगाचा उत्तरार्ध कवचवाले सहसा सांगत नाहीत. संशोधकांनी नर आणि मादी दोघांच्या अस्थिमज्जेच्या पेशी एकाच उंदरात एकत्र रोवल्या. त्याला लठ्ठ केल्यावर रक्तात आणि मेदात नराकडून आलेल्या पेशींनी बाजी मारली, आणि ज्याच्या अंगात त्या रोवल्या तो नर होता की मादी यानं काही फरक पडला नाही. म्हणजे मादीच्या शरीरात राहूनही नराच्या पेशी नरासारख्याच वागल्या. दाहाचा फरक केवळ रक्तातल्या संप्रेरकावर ठरत असता तर असं झालं नसतं. फरकाचा एक भाग पेशी स्वतःसोबत घेऊन येते.

गुणसूत्रांचं गणित तर उलट्या दिशेनं जातं. २०१२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या कॅरेन रू आणि आर्थर अर्नोल्ड यांच्या गटानं गुणसूत्रं आणि जननग्रंथी यांची सांगड मोडलेले उंदीर वापरले : अंडाशय असलेले एक्सवाय आणि वृषण असलेले एक्सएक्सही. मग सगळ्यांच्याच ग्रंथी काढून टाकल्या. संप्रेरकांचा पडदा बाजूला झाल्यावर एक्सएक्स उंदीर जास्त लठ्ठ झाले, मूळची ग्रंथी कोणतीही असो. याचा अर्थ, अंडाशय थांबल्यावर मादीचं शरीर 'पुरुषांच्या बरोबरीला' येऊन थबकतं असं धरून चालता येत नाही.

आणि पुरुषाचा मेद बिचारा उघडाच आहे, हेही खरं नाही. अॅक्सेल कॅलीस यांच्या मेलबर्नमधल्या गटानं २०२० मध्ये दाखवलं की नर उंदरांच्या पोटातल्या मेदात दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी माद्यांपेक्षा जास्त असतात, आणि ही व्यवस्था नर-संप्रेरकामुळे उभी राहते. जिथे आग वारंवार लागते तिथे बंबही जास्त ठेवावे लागतात. 'माद्यांत कमी, नरांत जास्त' असा एका रेषेवरचा हिशेब इथे चालत नाही. दोन्हीकडे दाह पेटवण्याची आणि विझवण्याची यंत्रणाच निराळी आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. या क्षेत्रातले बहुतेक प्रयोग नर उंदरांवर झाले, कारण सरळ आहे : माद्या तेलकट खाद्यावर लवकर आजारी पडत नाहीत, मग निबंध कसा निघणार? माणसांत मात्र मेदाचे नमुने बहुतांशी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या टेबलावरून येतात, आणि त्या शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत स्त्रियाच बहुसंख्य असतात. गंमत पाहा, कार्यकारणभाव शिकायचा नर उंदराकडून, तो तपासायचा बाईच्या मेदात, आणि लागू करायचा सगळ्यांना. उंदरात सापडलेलं माणसात सापडलं नाही की दोष उंदराला. लिंगाचाही प्रश्न असू शकतो ही शंका फार उशिरा आली.

माणसांचीच आकडेवारी बघा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला व्हिसर आणि सहकाऱ्यांचा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. सडपातळ पुरुषांच्या तुलनेत लठ्ठ पुरुषांत रक्तातलं सीआरपी हे दाहाचं निदर्शक वाढलेलं असण्याची शक्यता २.१३ पट होती. लठ्ठ स्त्रियांत, सडपातळ स्त्रियांच्या तुलनेत, ती ६.२१ पट निघाली. कवचवादी म्हणतील, यात रजोनिवृत्त बायका असतील, इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या असतील. तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेननं सीआरपी वाढतंच. आक्षेप रास्त आहे. पण त्याच निबंधात १७ ते ३९ वयोगट वेगळा काढून पाहिला, इस्ट्रोजेन घेणाऱ्याही वगळून पाहिल्या, तरी मुख्य निष्कर्ष हलला नाही. सीआरपी यकृतात तयार होतं, मेदात नव्हे, त्यामुळे या आकड्यावरून बायकांचा मेद पुरुषांपेक्षा तिप्पट पेटलेला आहे असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की ऐन पाळीच्या वयात ज्या कवचाची ग्वाही दिली जाते, त्याचा मागमूस रक्तात तरी दिसत नाही.

मग स्त्रियांना काहीच सवलत नाही का? आहे, आणि तिचं स्वरूप नीट समजून घ्यायला हवं. स्कॉटलंडमधल्या २०११ च्या अभ्यासात मधुमेहाचं निदान होताना पुरुषांचा सरासरी बीएमआय ३१.८३ होता, स्त्रियांचा ३३.६९. म्हणजे स्त्रीचं शरीर जास्त मेद सहन करून मग हात टेकतं. पण एकदा मधुमेह झाला की ही सवलत व्याजासकट वसूल होते. २०१४ मध्ये हक्सली, पीटर्स आदींनी ६४ अभ्यास एकत्र केले, तेव्हा मधुमेहामुळे हृदयधमनीचा विकार होण्याचा धोका स्त्रियांत २.८२ पट आणि पुरुषांत २.१६ पट वाढलेला दिसला. सुरक्षिततेपेक्षा याला मुदतवाढ म्हणणं योग्य ठरेल. तीही जागेला बांधलेली आहे, कारण मांडीवरच्या मेदाला मिळणारी ढील पोटातल्या मेदाला मिळत नाही.

आपल्याकडे ही मुदत आखूडच असण्याची भीती आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचं ते गाजलेलं छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं : दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातला मेद युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिकांचा २१.२ टक्के. (दोघेही पुरुषच, हे जाता जाता.) बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात मेद दडलेला असतो, हे त्या छायाचित्रानं जगाला शिकवलं. बाईच्या बाबतीत तो साडीच्या निऱ्यांमागे आणखी दडतो, आणि 'बाळंतपणानंतर पोट सुटायचंच' म्हणून सोडून दिला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत सुमारे ४० टक्के स्त्रियांत पोटाचा लठ्ठपणा आढळला, पुरुषांत १२ टक्के. मापाची मर्यादा दोघांना वेगळी असते, म्हणून तुलना जपून करावी. पण पहिला आकडा एकटाही पुरेसा बोलका आहे.

शिवाय कवच धरलंच, तर ते अंडाशयांचं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. गावात 'पिशवी काढली' एवढंच सांगितलं जातं. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली का, हे पुष्कळदा त्या बाईलाही ठाऊक नसतं. गेली असतील तर तिशीत-पस्तिशीतच ती रजोनिवृत्त झाली. वयाकडे बघून तिला 'अजून पाळीचं वय आहे' म्हणणाऱ्या डॉक्टरचा हिशेब तिथेच चुकतो.

राहिला माद्यांवरही प्रयोग करण्याच्या खर्चाचा मुद्दा. माद्या घेतल्या की मदचक्रामुळे निष्कर्ष विस्कटतात, उंदीर दुप्पट लागतात, अशी प्रयोगशाळांची जुनी तक्रार आहे. २०१४ मध्ये प्रेंडरगास्ट, ओनिशी आणि झकर यांनी २९३ निबंध तपासून पाहिलं, तर माद्यांतली चढउतार नरांपेक्षा जास्त नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०१६ पासून अनुदान मागणाऱ्यांना लिंगाचा विचार करणं बंधनकारक केलं. आपल्याकडच्या मेद-संशोधनातही प्रत्येक नमुन्यासोबत तो कोणाचा, शरीराच्या कोणत्या भागातला, स्त्री असेल तर पाळी चालू आहे की गेली, आणि गेली असेल तर आपोआप की शस्त्रक्रियेनं, हे नोंदवायला जास्तीचा पैसा लागत नाही. दवाखान्यातही हेच प्रश्न विचारावेत आणि शेजारी टेप ठेवावी. भारतीय बाईसाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा ठरलेली आहे, आणि ती पाळी चालू असलेल्या बाईलाही तितकीच लागू आहे.