धुराची वाट मोकळी आहे का?



चुलीचे धुराडे काजळीने तुंबले म्हणजे काय होते, हे घरातल्या माउलीला सांगावे लागत नाही. लाकूड वाळलेले असते, फुंकणीही चालू असते, तरी चूल धड पेटत नाही आणि धूर घरभर होतो. दोष लाकडाचा नसतो, धुराच्या वाटेचा असतो. मालट्रकच्या इंजिनाचेही असेच आहे. ऊस, कांदा, भाजीपाला वाहण्यासाठी अनेक शेतकरी कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले आहेत. अशा घरात ट्रक घाटात दमू लागला, काळा धूर ओकू लागला आणि डिझेल जास्त पिऊ लागला, की हप्त्याची काळजी सुरू होते. मग कोणी म्हणतो पंप उघडा, कोणी म्हणतो नोझल बदला, कोणी म्हणतो टर्बो गेला. प्रत्येक सल्ल्याला हजारो रुपये लागतात. पण धुराची वाट मोकळी आहे की नाही, हे मोजून पाहायला फारच थोडा खर्च येतो. तो आधी करावा, एवढेच आज सांगायचे आहे.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराला नळी, वळणे आणि सायलेन्सर यांतून जावे लागते. वाटेत जेवढी अडचण, तेवढा धूर मागे रेटला जातो. या उलट्या दाबाला गॅरेजमधले मिस्त्री बॅक प्रेशर म्हणतात. थोडा दाब प्रत्येक गाडीत असतोच. तो वाढला म्हणजे दुखणे सुरू होते.

टर्बोच्या इंजिनात हे दुखणे दुहेरी असते. टर्बोचे एक चाक बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक ताजी हवा दाबून इंजिनात भरते. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले होते. धुराच्या चाकाला जोर मिळतो तो त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकामुळे. पाटाच्या पाण्याला उतार असतो तोवर ते धावते. पुढे बांध घातला की पाणी तुंबते आणि धार मंदावते. पलीकडे दाब वाढला की टर्बो मंदावतो, हवा कमी पडते, डिझेल पूर्ण जळत नाही, धूर काळा होतो आणि इंजिन जास्त तापते. शिवाय तुंबलेला धूर बाहेर ढकलण्यात पिस्टनची ताकद खर्च होते, ती वेगळीच.

आता मोजायचे कसे? ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना यातले तत्त्व आधीच ठाऊक आहे. वाळूच्या फिल्टरच्या आधी एक गेज असतो, नंतर एक असतो. दोघांतला फरक वाढला की फिल्टर तुंबला असे आपण समजतो आणि तो उलटा धुतो. सायलेन्सर हाही तसाच वाटेतला अडसर आहे. फक्त त्याच्या नंतर मोकळी हवा असल्यामुळे एकाच गेजवर काम भागते.

मात्र ठिबकचा गेज येथे चालणार नाही. तो किलोंत मोजतो. १ किलो दाब म्हणजे पाण्याचा सुमारे १० मीटर उंचीचा स्तंभ. पुष्कळ जुन्या टर्बो डिझेल इंजिनांना जास्तीत जास्त चालणारा उलटा दाब पाऱ्याच्या ३ इंचांच्या आसपास दिलेला असतो. पाण्याच्या हिशेबात तो सुमारे १ मीटर, म्हणजे किलोचा केवळ दहावा भाग झाला. ठिबकच्या गेजचा काटा एवढ्याने जेमतेम हलेल. म्हणून शून्य ते पाव किलो मोजणारा कमी दाबाचा गेज लागतो. आपल्या इंजिनाची नेमकी मर्यादा मात्र त्याच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावी.

गेज जोडायची जागा टर्बोच्या पुढे, सायलेन्सरच्या आधी, नळीच्या सरळ भागात असावी. वळणावर खरा आकडा मिळत नाही. नळी उतरवून तेथे बारीक भोक पाडावे, आतली कोर कानशीने घासून साफ करावी आणि वरून आट्यांचा सॉकेट झाळून घ्यावा. वेल्डिंग गाडीवरच करावे लागले तर आधी बॅटरीच्या वायरी सोडाव्यात. टर्बोतून निघणारा धूर भाराखाली काही शे अंश तापलेला असतो. त्यामुळे प्लास्टिकची नळी थेट जोडू नये. आधी सुमारे मीटरभर तांब्याची किंवा पोलादी बारीक नळी दोन-तीन वेढे देऊन जोडावी, मग कॉक आणि त्यानंतर गेज. काम झाल्यावर सॉकेटमध्ये बोल्ट आवळून टाकावा. पुढच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

सर्वांत मोठी फसगत होते ती मोजण्याच्या वेळी. गाडी उभी करून ॲक्सिलरेटर दाबला, गेज पाहिला आणि म्हटले, सारे ठीक आहे. साध्या इंजिनात यावरून थोडाफार अंदाज येतो. टर्बोच्या इंजिनात येत नाही. उभ्या गाडीत टर्बो आपला पूर्ण जोर लावतच नाही. भार आला, टर्बोने १ किलो जादा दाब दिला, की इंजिनात जवळजवळ दुप्पट हवा जाते आणि तेवढाच जादा धूर बाहेर पडतो. उपसा सिंचनाच्या पाइपलाइनमध्ये पाणी दुप्पट सोडले तर घर्षणाचा तोटा जवळजवळ चौपट होतो, हे आपण जाणतो. धुराचेही तसेच. उभ्या गाडीत ४० सेंटीमीटर दिसणारा दाब भाराखाली १६० वर जाऊ शकतो. पहिला आकडा पाहून आपण निर्धास्त होऊ, दुसरा मर्यादा ओलांडून गेलेला असेल.

म्हणून माप घ्यायचे ते भरलेल्या गाडीत, चढावर, योग्य गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून आणि इंजिनाच्या फेऱ्या पूर्ण शक्तीच्या आकड्याजवळ असताना. काही सेकंद तसेच धरावे आणि काटा स्थिरावला की आकडा लिहावा. चालवणाऱ्याने रस्त्यावरून नजर काढू नये; आकडा शेजारच्या माणसाने पाहावा. गेजचे सांधे घट्ट असावेत आणि केबिनच्या काचा उघड्या ठेवाव्यात, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू आहे.

एक गोष्ट विसरू नये. अनेक मालट्रकना घाट उतरताना वापरायचा एक्झॉस्ट ब्रेक असतो. त्याची झडप मुद्दामच धुराची वाट बंद करते आणि उलटा दाब कित्येक किलोंवर नेते. तो पाव किलोच्या गेजला सोसणार नाही. म्हणून चढ संपताच कॉक बंद करावा आणि मगच उतार घ्यावा. गेज वाचवण्यासाठी भरलेल्या गाडीत हा ब्रेक न वापरता घाट उतरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आकडा मर्यादेपेक्षा जास्त आला, तर अडसर कोठे आहे ते शोधावे. दुसरे माप सायलेन्सरच्या नंतर घ्यावे. समजा आधी १५० सेंटीमीटर आणि नंतर ३० आले, तर १२० सेंटीमीटर सायलेन्सरने खाल्ले. त्याच्या आतली नळी किंवा पत्रा गंजून तुटला असेल. दोन्हीकडे दाब जास्त असेल तर शेपटाची नळी चेपली आहे का पाहावे. दाब सायलेन्सरच्या आधीच हरवत असेल तर एक्झॉस्ट ब्रेकची झडप अर्धवट अडकली आहे का, सांध्यातले गॅसकेट आत सरकले आहे का, हे तपासावे. दुरुस्तीत ४ इंची नळीच्या जागी ३ इंची बसवली असेल तर वाट जवळजवळ निम्मीच उरते.

आकडा मर्यादेत आला, तरी माप वाया गेले नाही. सायलेन्सरवरचा संशय फिटला. मग हवेचा फिल्टर आणि टर्बोपासून इंजिनाकडे जाणारे रबरी पाइप नीट पाहून मगच पंपाकडे वळावे.

काही तरुण यावर सोपा उपाय काढतात आणि सायलेन्सरच काढून टाकतात. तसे करू नये. ते कायद्याला धरून नाही, कान बधिर होतात, आणि कडब्याच्या गंजीजवळ किंवा खळ्यावर एक ठिणगी वर्षाची मेहनत जाळू शकते.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज ६ च्या ट्रकना वरचे १ मीटरचे माप लावू नये. त्यांच्या धुराच्या वाटेत काजळी पकडणारा फिल्टर असतो, त्याचा दाब सेन्सर मोजतो आणि फिल्टर भरत आला की समोर दिवा लागतो. तेथे भोक पाडू नये, फिल्टर काढू नये. दिवा लागताच पुस्तिकेप्रमाणे तो जाळून साफ होऊ द्यावा, नाहीतर अधिकृत कारागिराकडे जावे.

शेवटी एक विनंती घरातल्या भगिनींना. खर्चाच्या वहीत दर फेरीचे किलोमीटर, वजन आणि डिझेल लिहीत जावे. जेव्हा उलटा दाब मोजाल, तेव्हा तारीख आणि आकडाही तेथेच टिपावा. गाडी निरोगी असतानाचा आकडा वहीत असला, म्हणजे पुढे ती दमू लागल्यावर मिस्त्रीच्या तर्कावर पैसे घालावे लागत नाहीत. वही उघडावी, पुन्हा मोजावे आणि दोन आकडे शेजारी ठेवावेत. खिशात हात त्यानंतर घालावा.

पुढील अंकी हवेच्या फिल्टरची निगा.