एका चमच्यात तीन औषधे

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणण्यात आले होते आणि कित्येकांनी तेथील रुग्णालयांतच डोळे मिटले. या मुलांना मुळात झाले होते काय? ताप, सर्दी आणि खोकला. ऋतू पालटताना घरोघरी येणारे हे दुखणे चार-आठ दिवसांत बहुधा आपोआप बरे होते. परंतु या दुखण्यावर देण्यात आलेल्या औषधानेच घात केला. त्या बाटलीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने केलेल्या तपासणीत त्याचे प्रमाण ४८.६ टक्के भरले. त्याची अनुज्ञेय मर्यादा आहे अवघी ०.१ टक्का.

हे विष अनोळखी नाही. १९३७ साली अमेरिकेत याच द्रावकात विरघळविलेल्या औषधाने शंभरावर बळी घेतले आणि त्यातूनच तेथील १९३८ चा कडक औषध कायदा जन्मास आला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली चौदा रुग्ण दगावले, तेही याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरिनमुळे. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी करून औषध प्रशासनाच्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. एवढे होऊनही जम्मूतील रामनगरला २०२० मध्ये तोच प्रकार घडला. गांबियात २०२२ साली भारतीय बनावटीच्या औषधांशी बालमृत्यूंचा संबंध जोडला गेला आणि अखेर छिंदवाडा झाले. कच्चा माल न तपासणारा उत्पादक आणि उत्पादकाला न तपासणारे प्रशासन यांच्या अपराधाविषयी दुमत होण्याचे कारण नाही. त्यांना शासन झालेच पाहिजे.

तथापि या प्रकरणात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो पुरेशा आग्रहाने विचारला गेला नाही. बाटलीतले औषध निर्भेळ असते, तरी ते या मुलांना द्यावयास हवे होते काय? पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन या तीन औषधांचे ते मिश्रण होते. यांपैकी क्लोरफेनिरामिन व फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि तसा इशारा वेष्टनावर छापावा, असा आदेश भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढला होता. अमेरिकेतील उत्पादकांनी तर २००८ सालीच अशा औषधांच्या वेष्टनावर चार वर्षांखालील मुलांसाठी मनाई छापली. छिंदवाड्याच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालील बालकांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देणे योग्य नव्हे. म्हणजे विष नसते तरी यांतील कित्येक बालकांच्या बाबतीत ती बाटली अनावश्यकच होती. उत्पादकाच्या गुन्ह्याला वाट मिळाली ती या अनावश्यकतेतून.

मिश्र औषधांची मोहिनी समजण्यासारखी आहे. वाहणारे नाक, ठणकणारे डोके, अंगातील कणकण आणि घशातील खवखव या साऱ्यांना एकाच गोळीने गप्प बसविता येत असेल, तर कोणाला नको असेल? एका दगडात चार पक्षी मारण्याचाच हा प्रकार. परंतु रोगी आणि पक्षी यांत फरक आहे. ज्याचे केवळ नाक वाहत आहे, त्यालाही या गोळीतून तापाचे औषध घ्यावे लागते. ज्याला नुसता खोकला आहे, त्याच्या पोटात ॲलर्जीवरील औषधही जाते. एखाद्या घटकाची मात्रा वाढवावयाची वा कमी करावयाची, तर बाकीच्या घटकांचीही ती त्याच प्रमाणात बदलते. काही बाटल्यांत खोकला दाबणारे औषध आणि कफ सुटा करून बाहेर काढणारे औषध एकत्र नांदतात. एकाने कफ सोडवावयाचा आणि दुसऱ्याने तो बाहेर टाकणारी उबळच थोपवावयाची, हे तर्कशास्त्र अजब म्हटले पाहिजे. चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी असंख्य गोळ्यांत घातले जाणारे फेनिलएफ्रिन नेहमीच्या मात्रेत पोटातून घेतल्यास परिणामकारक ठरत नाही, असा एकमुखी निर्वाळा अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये दिला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो असा!

धोका केवळ बालकांपुरता नाही. कचेरीत कणकण आली म्हणून एखादा कारकून सर्दीची मिश्र गोळी दिवसातून तीन वेळा घेतो. अशा अनेक गोळ्यांत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. अंग मोडून आले म्हणून तोच गृहस्थ ६५० मिलिग्रॅमची तापाची गोळी चार वेळा घेतो. दोन्हींची नावे वेगळी, वेष्टने वेगळी. परंतु बेरीज होते ४,१०० मिलिग्रॅम. प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४,००० मिलिग्रॅम मानली जाते आणि मद्यपी किंवा यकृताचे रुग्ण यांच्यासाठी ती याहूनही कमी असते. मर्यादा ओलांडली तर त्याचा घाव यकृतावर पडतो, आणि तोही प्रारंभी फारशी जाणीव न होता.

क्लोरफेनिरामिनसारख्या औषधाने गुंगी येते. परीक्षेच्या आदल्या रात्री ते घेणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तकापेक्षा उशीच जवळची वाटते, तर स्कूटर चालविणाऱ्याच्या जिवावरही ते बेतू शकते. मद्याची वा झोपेच्या गोळीची जोड मिळाली, तर गुंगी अधिकच गडद होते. वृद्धांमध्ये अशा औषधाने लघवी तुंबू शकते आणि काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातील दाब वाढू शकतो. नाक मोकळे करणारी औषधे रक्तदाब वाढवितात. हे सारे दोष औषधशास्त्राच्या पुस्तकांत नमूद आहेत. औषध घेणाऱ्याला मात्र आपण काय घेत आहोत, याचाच पत्ता नसतो. कारण तो गोळीला ओळखतो ते तिच्या व्यापारी नावाने. एकाच व्यापारी नावाच्या मागे एखादे अक्षर वा शब्द जोडून निराळ्या घटकांची औषधे विकली जातात, तेव्हा ही ओळखही फसवी ठरते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली. ती न्यायालयात अडकली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर नव्याने घालावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणे बाद झाली. त्यांत सर्दीवरील परिचित मिश्रणेही होती. परंतु आधी बाजारात येऊ द्यावयाचे आणि मग वर्षानुवर्षे बंदीच्या मागे धावावयाचे, ही रीत वरातीमागून घोडे नाचविण्याची आहे. याहून विलक्षण गोष्ट वेष्टनाची. औषधाचे मूळ नाव व्यापारी नावापेक्षा ठळक छापावे, असा नियम २०१८ मध्ये झाला. मात्र तीन वा अधिक घटकांची मिश्रणे त्यातून वगळण्यात आली. जेथे घटक वाचण्याची निकड सर्वाधिक, नेमकी तेथेच सवलत!

मिश्र औषधे स्वस्त व सोयीची असतात, गरीब रोग्याला चार गोळ्यांपेक्षा एक परवडते, असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. क्षयरोगावरील मिश्र गोळ्यांनी रुग्णांचे हितच केले आहे, कारण तेथे प्रत्येक घटकाची प्रत्येक रुग्णाला गरज असते आणि एखादा घटक सुटला तर जंतू शिरजोर होतात. सर्दी-पडशाला हा न्याय लागू पडत नाही. येथे लक्षणे माणसागणिक बदलतात, आणि औषधाने दुखणे बरे होत नाही, फक्त काही काळ सुसह्य होते. ज्याला जे लक्षण, त्याला तेवढेच औषध, हाच येथे स्वस्त आणि सुरक्षित मार्ग होय.

तेव्हा डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य लिहावे, विक्रेत्याने चिठ्ठीवाचून बाटली पुढे करण्याचा मोह आवरावा, आणि शासनाने घटकांची नावे व वयाची मर्यादा मराठीसह लोकभाषांत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत छापावयास लावावी. नागरिकांचेही काही कर्तव्य आहे. मोठ्यांच्या बाटलीतील अर्धा चमचा मुलाला पाजण्याची, शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी स्वतः घेण्याची आणि मापाच्या झाकणाऐवजी स्वयंपाकघरातील चमचा वापरण्याची सवय सोडली पाहिजे. लहान मुलाच्या सर्दीला विश्रांती, पुरेसे पाणी व दूध आणि नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब बहुधा पुरे होतात. वर्षावरील मुलाला खोकल्यासाठी थोडा मध देता येतो. वर्षाच्या आतील बाळाला मात्र मध देऊ नये. मूल धापा टाकू लागले, श्वासागणिक त्याच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, त्याने दूध-पाणी सोडले वा त्याची लघवी कमी झाली, तर दुकानाची नव्हे, रुग्णालयाची वाट धरावी.

रोगापेक्षा औषध भयंकर, ही म्हण छिंदवाड्याच्या मातापित्यांनी शब्दशः भोगली. त्यांनी विश्वासाने बाटली उघडली, हा त्यांचा दोष नव्हे. तो विश्वास सार्थ ठरविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, ते उणे पडले. परंतु अपराध्यांना शिक्षा झाली म्हणजे हे प्रकरण मिटले, असे मानून चालणार नाही. ज्या बाटलीची गरजच नाही ती घरात येऊ न देणे आणि जी येईल तिच्यातील प्रत्येक घटक नावानिशी ओळखणे, हा सावधपणा समाजाच्या अंगी बाणला, तरच त्या बालमृत्यूंपासून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.