खाण दाखविणाऱ्याचा वाटा

दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी केनवडास घरीं येऊन गेला. भूगर्भशास्त्र शिकून तो एका खनिज-शोधक कंपनींत नोकरीस लागला होता. परप्रांतीं माळावर राहावयाचें, जमिनींत खोल भोकें पाडून दगडाचे गाभे काढावयाचे, ते पेट्यांत क्रमानें मांडावयाचे व त्यांत धातु किती तें तपासावयाचें, हें त्याचें काम. २०२१ सालीं कंपनीनें तेथील तळ हालविला व ह्याची नोकरी गेली. मीं कारण विचारलें, तर म्हणाला, "गुरुजी, खनिज सांपडलें म्हणूनच सारें बिनसलें. सांपडलें नसतें, तर गाशा गुंडाळून आम्ही केव्हांच दुसरीकडे गेलों असतों."

हें कोडें उलगडण्यासाठीं थोडें कायद्यांत शिरलें पाहिजे. वाचकभगिनी म्हणतील, ह्या रुक्ष विषयाचें आमच्या घराशीं काय नातें? नातें आहे, तें पुढें येईल.

खाणी व खनिजें ह्यांविषयींचा मूळ कायदा १९५७ चा. ज्याला शोधाचा परवाना मिळाला, त्यानें खनिज आहे असें दाखवून दिलें व परवान्याच्या अटी पाळल्या, तर खाणपट्टा मिळण्यांत त्याचा अग्रहक्क असे. पुढें १२ जानेवारी २०१५ पासून पट्टे लिलावानें द्यावे असें ठरलें. तरी पूर्वींच्या परवानेदारांचा हक्क कलम १०-अ नें राखून ठेवला होता. सहा वर्षें कागद इकडून तिकडे फिरत राहिले. आणि २८ मार्च २०२१ रोजीं अमलांत आलेल्या दुरुस्तीनें तो राखलेला हक्कच संपला. प्रलंबित प्रकरणेंही त्यांतच गेलीं. मोबदला एवढाच, कीं शोधाच्या कामीं झालेला खर्च केंद्र सरकार ठरवील त्या रीतीनें परत मिळावा.

वरवर पाहतां हें न्याय्य दिसतें. ज्याचे पैसे गेले त्याला पैसे मिळाले, मग तक्रार कसली? येथें मला आमच्या गांवच्या विहिरी आठवतात. आमच्याकडे वर काळी माती व खालीं काळा फत्तर. एखादा कुणबी एका जागीं खणतो, कोरडी लागते. दुसऱ्या जागीं खणतो, तीही कोरडी. तिसऱ्या ठिकाणीं झरा लागतो. त्या झऱ्याच्या आशेवरच त्यानें पहिल्या दोन खड्ड्यांचें कर्ज अंगावर घेतलेलें असतें. आतां कोणीं येऊन म्हटलें, 'ही विहीर आम्हांस हवी. ही खणण्यास लागली तेवढी मजुरी घे,' तर हिशेब पुरा झाला काय? त्या दोन कोरड्या खड्ड्यांचें काय? माझा विद्यार्थी सांगत होता कीं त्यांच्या धंद्यांत कोरड्या जागाच फार, फळास येणारी विरळा. फळास आलेल्या जागेचा तेवढा खर्च परत करणें म्हणजे साऱ्या जोखमीचें मोल शून्य धरणें होय.

आमच्या प्राचीनांना हें कळत होतें. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत आकराध्यक्षाचें प्रकरण लिहिलें आहे. ज्या खाणीस खर्च फार ती हिश्श्यानें किंवा ठराविक रकमेनें दुसऱ्यास द्यावी व सोपी ती राजानें स्वतः चालवावी, असा त्याचा व्यवहारी सल्ला आहे. पण मला अधिक मोलाचें वाटतें तें कंटकशोधन अधिकरणांतील एक लहानसें सूत्र. खाण, रत्न किंवा निधि ह्यांची वर्दी देणारास सहावा हिस्सा द्यावा आणि तो पगारी नोकर असल्यास बारावा, असें तें सांगतें. कौटिल्य कांहीं भोळा नव्हता. राजाचा कोश भरणें हाच त्याचा ध्यास. तरीही त्यानें खर्चाची भरपाई म्हटलें नाहीं, हिस्सा म्हटलें.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जमिनीच्या पोटांतील धन शोधणाऱ्याचें होत नाहीं. अर्ज टाकून पट्टे मिळविण्याच्या जुन्या रीतींत वशिलेबाजीला वाव होता. लिलावानें राज्यांच्या तिजोरींत पैसा येतो, हें चांगलेंच. कांहीं परवानेदारांनीं स्वतःच वर्षानुवर्षें दिरंगाई केली असेल, त्यांच्यासाठीं मी रडणार नाहीं. गोव्याचेंच पाहा. १९०६ च्या पोर्तुगीज कायद्यान्वयें तेथें दिलेल्या खाणींच्या सवलती मुदतीच्या नव्हत्या, कायमच्या होत्या. १९८३ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें ठरविलें कीं ह्या सवलती म्हणजे आपल्या कायद्यांतले पट्टे नव्हत. तेव्हां १९८७ सालीं संसदेनें कायद्यानें त्या रद्द करून त्यांचे पट्टे बनविले, आणि हें सारें २० डिसेंबर १९६१ पासून, म्हणजे गोवा मुक्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, झालें असें मानलें. पंचवीस वर्षें मागें जाऊन कायदा करणें मनास खटकतें. पण परक्या राज्यकर्त्यानें यावच्चंद्रदिवाकरौ दिलेलें दान स्वतंत्र देशानें निमूट चालवावें हेंही मला पटत नाहीं. शिवाय तेथें धारकांच्या हातीं पट्टा तरी उरला, व रक्कम देण्याची तरतूदही कायद्यांत होती. २०२१ सालीं मात्र परवाने दिले ते परक्यांनीं नव्हे, आपल्याच सरकारांनीं. आणि हक्क राखला तो आपल्याच संसदेनें.

बाहेर देशींही हाच वाद आहे. कॅनडांतील क्वेबेक प्रांतानें २०११ सालीं सेंट लॉरेन्स नदीखालील तेल-वायु-शोधाचे परवाने कायद्यानें रद्द केले व भरपाई दिली नाहीं. एका अमेरिकन कंपनीनें लवादाकडे धांव घेतली. २०२२ सालीं तिचा दावा फेटाळला गेला. पण त्याच वर्षीं त्याच प्रांतानें तेल-वायूचा शोध साफ बंद करणारा कायदा केला, तेव्हां मात्र भरपाईची योजना सोबत ठेविली. कायद्यानें देणें लागत नसलें तरी दिलें पाहिजे, असें कांहीं असतें.

आमच्याकडे मालमत्तेचा हक्क १९७९ पासून मूलभूत राहिला नाहीं. घटनेचें ३००-अ हें कलम एवढेंच सांगतें कीं कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावूं नये. आणि येथें तर कायदाच हिरावतो. ज्या घरांची चूल पेन्शनीवर पेटते, त्यांनीं ह्या वाक्याचा अर्थ शांतपणें मनाशीं लावून पाहावा.

गंमत अशी, कीं २०२३ सालीं संसदेनेंच ह्या कायद्यांत नवी दुरुस्ती केली. २९ महत्त्वाच्या व खोलवरच्या खनिजांसाठीं शोधाचा वेगळा परवाना निघाला, आणि त्यांत शोधणाऱ्यास पुढील पट्ट्याच्या लिलावांतून येणाऱ्या अधिमूल्याचा हिस्सा ठेविला. म्हणजे वर्दी देणाराचा वाटा पुन्हां मान्य झाला. दोन वर्षें आधीं ज्यांचें गेलें त्यांना मात्र केवळ खर्चाची पावती.

मीं हें सूत्र एका चिठोऱ्यावर लिहून विद्यार्थ्यास दिलें. त्यानें तें दोनदां वाचलें, घडी करून खिशांत ठेविलें आणि हंसून म्हणाला, "पण गुरुजी, मी तर पगारी नोकर. माझा बारावाच."